पिल्लाला शाळेत घालायचे की घरीच शिकवायचे?

कुत्र्याचे पिल्लू घरात आले की पहिले चार दिवस कौतुकात जातात. पाचव्या दिवसापासून चपला, पडदे आणि मुलांचे घोटे धोक्यात येतात. मग कुणीतरी सुचवते, “क्लास लावा!” पण क्लास खरोखर हवा का? पैसे भरण्यापूर्वी घरच्या घरी काय तपासून पाहाल?

“अगं, बाजरी चावली पोरीला!”

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात ताईचा असा फोन आला, तेव्हा मला वाटले, भाकरीत खडा लागला असेल. ताई राहते राजस्थानात, जयपूरपासून तीसेक किलोमीटरवर, आग्रा रस्त्यावरच्या बस्सीत. भाऊजींची तिकडे बदली झाल्यापासून तिच्या फोनचे विषय ठरलेले असत: कडाक्याची थंडी, सासूबाईंचे गुडघे आणि ज्वारीच्या भाकरीची आठवण. पण त्या दिवशी तिचा आवाज रडवेला होता. बाजरी म्हणजे धान्य नव्हे, तर आठ दिवसांपूर्वी घरी आलेले पिल्लू, हे कळायला मला दोन मिनिटे लागली.

रेल्वे स्टेशनजवळच्या चहाच्या टपरीमागे एका कुत्रीने पिल्ले घातली होती. कुत्री गाडीखाली सापडली. माझी आठ वर्षांची भाची शाळेतून येताना त्यातले एक पिल्लू दप्तरात घालून घेऊन आली. रंग अगदी बाजरीच्या पिठासारखा, म्हणून नाव बाजरी. सासूबाईंनी तक्रार केली, भाऊजींनी कपाळाला हात लावला आणि पिल्लू घरात राहिले.

आठवडाभरात बाजरीने दोन चपला, एक पायपुसणे आणि सासूबाईंच्या जपाच्या माळेची पिशवी फस्त केली. मग खेळता खेळता भाचीच्या पोटरीत दात रुतला. रक्त आले. शेजारीण म्हणाली, लाल तिखट दाबा. सासूबाई म्हणाल्या, हळद लावा. ताईने दोन्ही टाळले, जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने चांगली पंधरा मिनिटे धुतली आणि पोरीला घेऊन तडक सरकारी रुग्णालय गाठले. तिच्या हातून त्या दिवशी घडलेली ही सर्वांत शहाणपणाची गोष्ट होती.

संध्याकाळी भाऊजींनी निर्णय सुनावला, “एकतर याला क्लास लावा, नाहीतर जिथून आणलं तिथे नेऊन सोडा.”

आठ-नऊ आठवड्यांचे, आई नसलेले, पौष महिन्याच्या थंडीतले पिल्लू परत टपरीमागे सोडणे म्हणजे काय, हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक होते. भाची दोन दिवस नीट जेवली नाही. ताईने जयपूरच्या एका प्रशिक्षकाला फोन केला. तो म्हणाला, “पिल्लू दोन महिने आमच्याकडे ठेवा, अगदी तयार करून देतो.” फीचा आकडा घरच्या महिन्याच्या किराण्याहून मोठा होता.

“तू लेख लिहितेस ना? मग सांग, भरू का पैसे?” ताईने मला विचारले. मी जयपूरची गाडी पकडली.

गावठी कुत्र्याला कसला क्लास?

बस्सीत पोचल्यावर पहिला धडा शेजाऱ्यांनीच दिला. “लॅब्रेडोर असता, अल्सेशियन असता, तर गोष्ट वेगळी. गल्लीतल्या कुत्र्याला कसला आलाय क्लास?” असा सगळ्यांचा सूर. जयपूरच्या ‘हेल्प इन सफरिंग’ या जुन्या प्राणिसेवी संस्थेने बस्सीत आजारी उंटांसाठी केंद्र उभारले, त्याचे गावात कुणाला नवल नाही. पण पिल्लाला काही शिकवायचे म्हटले की सगळे हसतात.

हा गैरसमज आपल्याकडेही घरोघरी आढळतो. महागडे पिल्लू आणले की प्रशिक्षकाचा शोध सुरू होतो आणि रस्त्यावरचे आणले की ‘ते आपोआप शिकेल’ म्हणून सोडून दिले जाते. खरे पाहता जात कोणतीही असो, पिल्लाला माणसाच्या घराचे नियम जन्मतः ठाऊक नसतात. दात शिवशिवले की चावायचे, लघवी आली की करायची आणि पळणारी वस्तू दिसली की तिच्यामागे धावायचे, एवढेच त्याला कळते. त्याच्या दृष्टीने भाचीची पोटरी आणि भावंडाचा कान यांत काहीच फरक नव्हता.

म्हणून प्रश्न ‘शिकवायचे की नाही’ असा नाही. शिकवायचे तर आहेच. प्रश्न आहे, कोण शिकवणार आणि कुठे?

तीन प्रकारच्या शाळा

आपल्याकडच्या शहरांत साधारण तीन प्रकारची सोय मिळते.

पहिला प्रकार सामूहिक वर्गाचा. आठवड्यातून एकदा पाच-सहा पिल्ले आणि त्यांचे मालक एखाद्या मैदानात जमतात. इथे पिल्लाला इतर कुत्री आणि अनोळखी माणसे भेटतात, ही मोठी जमेची बाजू. फक्त सगळी पिल्ले लस घेतलेली असली पाहिजेत.

दुसरा प्रकार घरी येणाऱ्या प्रशिक्षकाचा. तो तुमचे घर, दरवाजा, जिना, मुले, सगळे पाहून शिकवतो. मात्र बऱ्याच घरांत होते असे की, प्रशिक्षक येतो तेव्हा कुणी टीव्ही पाहत असते, कुणी स्वयंपाकात असते आणि तो एकटाच कुत्र्याला अंगणात फिरवून निघून जातो. कुत्रा त्याचे सगळे ऐकतो आणि घरातल्यांपैकी कुणाचेच ऐकत नाही!

तिसरा प्रकार वसतिगृहाचा. पिल्लू महिना-दोन महिने प्रशिक्षकाकडेच राहते. ऐकायला हे सर्वांत सोयीचे वाटते आणि लहान पिल्लासाठी तेच सर्वांत धोक्याचे आहे. तिथे त्याला कसे वागवले जाते, हे तुम्हाला दिसत नाही. शिवाय ज्या वयात त्याने तुमची ओळख करून घ्यायची, ते वय परक्या घरात निघून जाते.

जंजीरने काय शिकवले?

“पण पोलिसांची कुत्री केंद्रातच तयार होतात ना?” भाऊजींनी मुद्दा मांडला.

मुद्दा बिनतोड वाटला, तरी त्याचे उत्तर आपल्या महाराष्ट्रातच आहे. मुंबईच्या बॉम्बशोधक पथकातला जंजीर हा लॅब्रेडोर अनेकांना आठवत असेल. पुण्याच्या शिवाजीनगर इथल्या श्वान प्रशिक्षण केंद्रात तो तयार झाला आणि डिसेंबर 1992 मध्ये पथकात दाखल झाला. त्यानंतर तीनच महिन्यांनी, मार्च 1993 मध्ये मुंबई बॉम्बस्फोटांनी हादरली. त्या काळात तीन हजार किलोहून अधिक आरडीएक्स, शेकडो डिटोनेटर आणि हातबॉम्ब हुडकून काढल्याची कामगिरी जंजीरच्या नावावर आहे. नोव्हेंबर 2000 मध्ये हाडांच्या कर्करोगाने तो गेला, तेव्हा पोलीस दलाने त्याला सन्मानपूर्वक निरोप दिला.

जंजीरचे नाव सगळ्यांच्या लक्षात राहिले, पण त्याच्या पट्ट्याचे दुसरे टोक हातात धरणाऱ्या जवानांकडे फारसे कुणाचे लक्ष गेले नाही. श्वानपथकात कुत्रा एकटा शिकत नाही. ज्याला पुढे त्याच्याबरोबर काम करायचे, तो जवानही शिकतो. कुत्र्याने कान टवकारले, श्वास बदलला, शेपूट ताठ केली, याचा अर्थ त्याला कळावा लागतो. खाणे, फिरणे, सराव, सगळे त्याच्याच हातून होते. म्हणजे सरकारी केंद्रातही ‘कुत्रा तयार करून देतो’ असे चालत नाही. तयार होते ती जोडी.

घरातल्या पिल्लाला स्फोटके शोधायची नसतात. त्याने दार उघडल्यावर रस्त्यावर धावू नये, पाहुण्यांच्या अंगावर उडी मारू नये आणि मुलांना चावू नये, एवढीच आपली अपेक्षा. त्यासाठी ज्यांच्याबरोबर त्याला दहा-बारा वर्षे काढायची आहेत, त्यांनीच शिकायला हवे.

वय निघून जाते

या बाबतीत एक गोष्ट फार थोड्या घरांना ठाऊक असते. अमेरिकेतल्या बार हार्बर इथे जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर या शास्त्रज्ञांनी पिल्लांच्या वाढीचा वर्षानुवर्षे अभ्यास केला आणि 1965 मध्ये तो ग्रंथरूपाने मांडला. त्यातून दिसले की, साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यापर्यंतचा काळ पिल्लाच्या आयुष्यात निर्णायक असतो. या काळात जे दिसते, ऐकू येते, हुंगायला मिळते, ते त्याला आपले वाटते. जे या काळात भेटत नाही, त्याची पुढे भीती वाटू शकते. आणि मोठेपणी चावणारी पुष्कळ कुत्री मुळात घाबरलेली असतात.

गंमत अशी की, नेमक्या याच काळात आपण पिल्लाला घरात कोंडून ठेवतो. त्यालाही कारण आहे. पार्व्हो आणि डिस्टेंपर हे रोग लहान पिल्लांचे जीव घेतात आणि लसींचे डोस अजून पूर्ण झालेले नसतात. पहिला डोस सहाव्या ते आठव्या आठवड्यात, पुढचे तीन-चार आठवड्यांच्या अंतराने साधारण सोळाव्या आठवड्यापर्यंत आणि रेबीजची लस तीन महिन्यांचे झाल्यावर, असा सर्वसाधारण क्रम असतो. नेमके वेळापत्रक तुमचे पशुवैद्य ठरवतील.

मग मार्ग काय? अमेरिकेतल्या प्राणिवर्तनतज्ज्ञ पशुवैद्यांच्या संघटनेचे म्हणणे असे की, सगळे डोस पूर्ण होण्याची वाट पाहत बसू नये. जंताचे औषध आणि पहिली लस देऊन किमान सात दिवस झाले असतील, तर सात-आठ आठवड्यांचे पिल्लूही स्वच्छ जागेतल्या वर्गाला जाऊ शकते. आपल्याकडे असा वर्ग जवळ नसेल, तर पिल्लाला कडेवर घेऊन दारात उभे राहा. दूधवाला, हेल्मेट घातलेला कुरिअरवाला, काठी टेकत चालणारे आजोबा, रिक्षा, प्रेशर कुकरची शिट्टी, लग्नाचा बँड, सगळे त्याला दुरून दाखवा आणि प्रत्येक वेळी चिमूटभर खाऊ द्या. जमिनीवर मात्र रस्त्यावरची कुत्री जिथे शी-शू करतात, तिथे डोस पूर्ण होईपर्यंत सोडू नका.

बाजरीसाठी आम्ही हेच केले. बस्सीत बँड नसला तरी उंटगाड्या, ट्रॅक्टर आणि रेल्वेचा भोंगा होता. पहिल्या दिवशी ट्रॅक्टरच्या आवाजाने ती माझ्या शालीत शिरली. चौथ्या दिवशी ट्रॅक्टर आला की ती खाऊसाठी माझ्या तोंडाकडे पाहू लागली.

एका कुत्र्याला चार भाषा

घरात मी दोन दिवस नुसती पाहत बसले. ताई म्हणे, “बस.” भाऊजी म्हणत, “सिट.” भाची शाळेतल्या सवयीने म्हणे, “बैठ जा.” आणि सासूबाई, “अगं भवाने, टेक की खाली!” बिचारी बाजरी चौघांकडे आळीपाळीने पाही आणि शेवटी पायपुसणे चावू लागे.

उडी मारण्याचीही तीच कथा. भाची तिला उड्या मारायला लावून हसे आणि ताई त्याच उडीसाठी रागवे. ताटातला घास भाऊजी गुपचूप देत आणि ताटात तोंड घातले म्हणून सासूबाई पळी उगारत. अशा घरातून दोन महिने प्रशिक्षकाकडे जाऊन पिल्लू शहाणे होऊन आले, तरी आठ दिवसांत पहिले पाढे पंचावन्न!

आम्ही एक कागद घेतला आणि फ्रीजवर चिकटवला. त्यावर पाच शब्द लिहिले: बस, ये, थांब, सोड, नाही. सगळ्यांनी हेच शब्द वापरायचे. त्याखाली तीन नियम. सोफ्यावर घ्यायचे नाही. ताटातले द्यायचे नाही. हात उगारायचा नाही. सासूबाईंनी चष्मा लावून तो वाचला आणि म्हणाल्या, “हे कुत्र्यासाठी आहे की माझ्यासाठी?”

घरीच शिकवता येतील अशा गोष्टी

पुढील गोष्टींसाठी बहुतेक घरांना वर्गाची गरज नसते. दिवसातून तीन वेळा पाच-पाच मिनिटे पुरतात. त्याहून जास्त वेळ लहान पिल्लाचे लक्ष टिकत नाही.

शी-शूची जागा: झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळून झाल्यावर पिल्लाला लगेच ठरलेल्या जागी न्या. काम झाले की तिथेच शाबासकी आणि खाऊ द्या. घरात चूक झालीच, तर नाक घासणे, मारणे याचा उपयोग नसतो. तो माग काढून पुन्हा तिथेच जातो, म्हणून वास राहणार नाही इतके स्वच्छ पुसा.

चावणे: दात लागला की खेळ तत्क्षणी थांबवा, हात काढून घ्या आणि अर्धा मिनिट पाठ फिरवा. मग चावायला दोरीची गाठ किंवा रबरी खेळणे द्या. किंचाळून पळू नका, त्याने पिल्लाला जास्तच चेव येतो. दुधाचे दात पडून पक्के दात येण्याचे काम चौथ्या ते सातव्या महिन्यापर्यंत चालते. तोवर चावण्याची खाज राहणारच.

हाक मारल्यावर येणे: नाव घेऊन ‘ये’ म्हणा, आले की खाऊ द्या. रागवण्यासाठी कधीही जवळ बोलावू नका. बोलावल्यावर फटका मिळाला तर उद्या ते कशाला येईल?

बसणे: खाऊ नाकासमोरून डोक्यावर न्या. मान वर जाताना बूड आपोआप टेकते. टेकले की त्याच क्षणी ‘बस’ म्हणून खाऊ द्या. बक्षीस दोन-तीन सेकंदही उशिरा मिळाले, तर कशाबद्दल मिळाले हे त्याला कळत नाही.

अंगाला हात लावू देणे: कान, पंजे, तोंड रोज हळूच पाहा. पुढे पशुवैद्याकडे हाल होत नाहीत.

एकटे राहणे: पहिल्या दिवशी दोन मिनिटे, मग पाच, मग पंधरा. एकदम दिवसभर कोंडून गेलात, तर दार कुरतडलेले सापडेल.

खाऊ म्हणून चण्याएवढा पनीरचा तुकडा, उकडलेले गाजर किंवा साधी पोळीही चालते. चॉकलेट, कांदा, द्राक्षे आणि मनुका मात्र कुत्र्याला विषारी ठरतात. मुले प्रेमाने नेमके तेच भरवतात, म्हणून त्यांना आधीच बजावून ठेवा.

चार प्रश्न स्वतःला विचारा

ताईला मी हो किंवा नाही असे उत्तर दिले नाही. चार प्रश्न दिले. तुमच्याही घरात पिल्लू असेल, तर पैसे भरण्यापूर्वी ते स्वतःला विचारा.

1. घरातले सगळे एकच शब्द आणि एकच नियम पाळतात का? पाळत नसतील, तर आधी ते करा. त्याशिवाय लावलेला वर्ग म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

2. रोज पंधरा मिनिटे देणारी एक तरी जबाबदार व्यक्ती घरात आहे का? नसेल, तर प्रशिक्षकही काही करू शकणार नाही. तो आठवड्यातून एक तास येईल, उरलेले तास पिल्लू तुमच्याजवळच असेल.

3. तीन-चार आठवडे नेमाने प्रयत्न केल्यावर थोडा तरी फरक दिसतो का? दिसत असेल, तर वर्गावाचून निभावेल. काहीच दिसत नसेल, तर चूक दाखवून देणारे तिऱ्हाईत माणूस हवे.

4. पिल्लू खेळकर आहे की घाबरट? हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. खेळात चावणाऱ्या पिल्लाचे अंग सैल असते, शेपूट हलत असते, ते मध्येच उड्या मारते. पण ते खाण्याच्या भांड्याजवळ गेले की अंग ताठ करून गुरगुरत असेल, माणसे दिसली की कोपऱ्यात शिरत असेल, हात लावताच दात दाखवत असेल, तर घरगुती प्रयोगांत वेळ घालवू नका. आधी पशुवैद्याला दाखवा, कारण कान दुखणे, पोट दुखणे यांनीही प्राणी चिडका होतो. मग चांगल्या प्रशिक्षकाची मदत घ्या.

याशिवाय घरात अगदी लहान मूल किंवा पडण्याची भीती असलेले वृद्ध असतील, कुत्रा मोठ्या आकाराचा होणार असेल किंवा घरात यापूर्वी कुणीच कुत्रा पाळलेला नसेल, तरीही सुरुवातीचे चार-सहा धडे जाणकाराकडून घेणे हिताचे असते.

वर्ग निवडताना

वर्ग लावायचा ठरलाच, तर आधी एक धडा पिल्लाशिवाय जाऊन पाहा. पाहू द्यायला जो नकार देईल, त्याला तुम्हीही नकार द्या. तिथली पिल्ले शेपूट पायात घालून बसली आहेत की उत्साहाने पुढे येत आहेत, ते बघा. लसीचे कार्ड मागतात का, मालकाच्या हातात पट्टा देऊन त्याच्याकडून करून घेतात का आणि कुत्र्याचे चुकले तर काय करतात, हे विचारा. ‘पंधरा दिवसांत हमखास’ अशी हमी देणाऱ्यापासून दूर राहा.

अजूनही काही ठिकाणी साखळीला हिसके देणे, काठी, काटेरी पट्टा, उपाशी ठेवणे हे शिकवण्याचे मार्ग मानले जातात. माराने पिल्लू गप्प होते, पण शहाणे होत नाही. उलट गुरगुरून इशारा देण्याची सवय मोडते आणि एक दिवस ते न गुरगुरताच चावते. वर सांगितलेल्या पशुवैद्यांच्या संघटनेने 2021 मध्ये स्पष्ट सांगितले आहे की, प्रत्येक कुत्र्यासाठी बक्षीस देऊन शिकवण्याचीच पद्धत वापरावी. आपल्याकडेही प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा 1960 पासून आहे. प्राण्याला मारहाण करणे किंवा सदासर्वकाळ आखूड साखळीने जखडून ठेवणे हा त्याखाली गुन्हा आहे.

चावल्यावर हयगय नको

एक सूचना वेगळी सांगायलाच हवी. पिल्लू लहान आहे, घरचे आहे, म्हणून त्याच्या चाव्याकडे दुर्लक्ष करू नका. रेबीज पिल्लांनाही होतो आणि एकदा लक्षणे दिसू लागली की जवळजवळ कुणीही वाचत नाही. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवा. हळद, चुना, तिखट, तेल काहीही लावू नका. लगेच डॉक्टरांकडे जा. रक्त आले असेल, तर लसीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनचे इंजेक्शनही द्यावे लागते. सरकारी रुग्णालयांत लस मोफत मिळते. कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवायचे असते, पण त्यासाठी लस सुरू करायची थांबायचे नसते.

जयपूर शहर या बाबतीत शिकण्यासारखे आहे. तिथे ‘हेल्प इन सफरिंग’ने 1994 च्या अखेरीस रस्त्यावरच्या कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण हाती घेतले. 2002 पर्यंत जवळपास 25 हजार कुत्र्यांवर हे काम झाले आणि कार्यक्रमाच्या भागात माणसांना रेबीज होण्याचे प्रमाण शून्यावर आले. जे शहराला साधले, ते एका घराला साधू नये का? पिल्लू तीन महिन्यांचे झाले की त्याला रेबीजची लस टोचून घ्या आणि पुढे पशुवैद्यांच्या सल्ल्याने ती चुकवू नका.

बाजरीचे काय झाले?

ताईने दोन महिन्यांच्या वसतिगृहाचा बेत सोडला. भाऊजींनी एक महिन्याची मुदत दिली. भाचीची लस वेळच्या वेळी पूर्ण झाली. बाजरी दहा दिवस आणि नंतरही ठणठणीत राहिली. आठव्या दिवशी ती ‘बस’ म्हटल्यावर बसली, तेव्हा सर्वांत मोठ्याने टाळ्या सासूबाईंनी वाजवल्या. महिनाभरात शी-शूची जागा पक्की झाली. दात अजून लागत होते, पण रुतत नव्हते.

सगळे सुरळीत झाले असे मात्र नाही. पाचव्या महिन्यात बाजरीने नवे खूळ काढले. फिरायला नेले की मोटारसायकलमागे झेप घ्यायची! घरापासून महामार्ग जवळ. एकदा भाऊजी पट्ट्यासकट फरफटत गेले आणि गुडघा सोलवटून आले. हे घरच्या प्रयत्नांनी आवरेना. तेव्हा ताईने जयपूरहून दुसरा एक प्रशिक्षक शोधला. आधी त्याचा एक धडा पाहिला, मग त्याला चार रविवार घरी बोलावले. त्याची अट एकच होती: सकाळी सहाला घरातले सगळे हजर हवेत.

मे महिन्यात ताईचा फोन आला, तेव्हा आवाज हसरा होता. दुपारी डांबर तापते, हाताची पालथी बाजू रस्त्यावर पाच सेकंदही ठेववत नाही, म्हणून फिरणे पहाटेच होते. मोटारसायकल गेली की बाजरी आता थांबते आणि खाऊसाठी भाऊजींच्या खिशाकडे पाहते.

मी भाचीला विचारले, “मग काय गं, सरांनी बाजरीला छान शिकवलं ना?”

“नाही गं मावशी,” ती म्हणाली, “सर तर चारही रविवार बाबांनाच शिकवत होते. पट्टा ओढू नका, ओरडू नका, खाऊ वेळेवर द्या. बाजरी नुसती बसून बघत होती.”